कवड्याचा डोळा

कसब्यातल्या जिनगर आळीत मच्छिंद्र नावाचा एक चितारी राहत असे. राहत असे हे आपलं म्हणायला. घरी तो सापडला तर तुमचं नशीब. पायाला भिंगरी लागलेली माणसं प्रत्येक पेठेत असतात, पण ती निदान कुठंतरी पोचतात. मच्छिंद्र पोचत नसे. सकाळी न्याहारी अर्धी टाकून उठायचा, नदीपर्यंत जायचा, पाण्यात एखादी म्हैस बसलेली दिसली की उन्हं डोक्यावर येईतो तिथंच उभा. मग घाईघाईनं घरी, कुंचला हातात, दोन रेघा, आणि पुन्हा बाहेर, कारण म्हशीचा कान कसा वळला होता ते वाटेत विसरला. त्याची बायको मथुराबाई म्हणायची, "एकदा म्हशीलाच घरी घेऊन या. निदान दूध तरी मिळेल."

तसं घराणं बसून काम करणाऱ्यांचं. घोड्यांची खोगिरं, बैलांच्या झुली आणि वाड्यांच्या भिंतींवरची चित्रं, यांवर तीन पिढ्या जगल्या होत्या. आता झुली मथुराबाई शिवायची आणि भिंती मच्छिंद्रच्या वाट्याला होत्या. आजोबांच्या हातचा नंदीचा एक खाका घरात जपून ठेवला होता, हरणाच्या कातड्यावर सुईनं टोचून काढलेला. तो भिंतीला लावायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलकेच आपटायची, आणि खाका उचलला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा नंदी तयार. मग रंग भरा. पुण्यातल्या चाळीस वाड्यांत तोच नंदी बसला होता. तेच वशिंड, तोच आंब्याच्या फोडीसारखा डोळा. वाड्यांच्या मालकांची काही तक्रार नव्हती. नंदीचीही नव्हती. तक्रार एकट्या मच्छिंद्रची. नदीवर पाणी प्यायला येणाऱ्या पन्नास गुरांत दोन सारखी नसतात, आणि आपण मात्र जन्मभर एकच बैल काढतोय, हे त्याच्या मनाला सारखं खात असे.

अशात संगमावर, दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या बंगल्यात, एक टोपीकर चित्रकार येऊन राहिला. त्याला रंग घोटायला माणूस हवा होता. मच्छिंद्र गेला, आणि नवल म्हणजे दोन वर्षं तिथं टिकला. तेलात घोटलेला रंग त्यानं तिथं पहिल्यांदा पाहिला. भिंतीवरच्या रंगाला दम नसतो. भिंत ओली आहे तोवर काय ते करा, वाळली की संपलं. हा तेलातला रंग आठ-आठ दिवस ओला राही. आज लावलेला उद्या पुसता येई, सावलीवर उजेड चढवता येई, बैलाच्या कातडीखाली हाड कुठं वर आलंय तेसुद्धा दाखवता येई. मच्छिंद्र त्या तेलापायी खुळा झाला.

एका गोष्टीवरून मात्र त्या दोघांचं कधी जमलं नाही. चिताऱ्यांच्या घरी डोळे शेवटी काढतात. सगळं चित्र पुरं झालं की चितारी एक दिवस उपास करतो, ज्याचं चित्र असेल तो नारळ फोडतो, आणि मग डोळे उघडायचे. डोळे उघडले की चित्रात जीव आला. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही, चुकलेला ठिपकासुद्धा पुसायचा नाही. टोपीकर आधी डोळे काढायचा आणि बाकीचं मागाहून. एकदा त्यानं दुभाष्याला मधे घालून विचारलं, जनावर काही तुझ्यासाठी उभं राहत नाही, मग जे सगळ्यांत आधी हातचं जाणार तेच तू शेवटाला का ठेवतोस? मच्छिंद्र म्हणाला, "आमच्यात तसंच असतं." पुण्यात हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला पुरतं. टोपीकर हसला आणि त्यानं विषय सोडून दिला.

पुढं टोपीकर मुंबईला गेला तो परत आला नाही. जाताना चित्र उभं करायची लाकडी घोडी, चार कुंचले आणि एका मोठ्या चित्रापुरतं लेप दिलेलं कापड मच्छिंद्रला देऊन गेला. जवसाचं तेल पुण्यात मिळत होतं; सफेदा, हिंगूळ, गेरू, काजळ घरचंच. मच्छिंद्र घरी रंग घोटू लागला आणि जवसाच्या तेलाचा वास आळीच्या टोकापर्यंत गेला. शेजारपाजारचे विचारायला आले, तेव्हा मथुराबाईनं सांगितलं, "लोकांकडे तेलात पापड तळतात. आमच्याकडे बैल तळतात."

बैल मात्र अजून सापडायचा होता. एवढंच कापड, त्यावर चुकूनमाकून भलतंच जनावर काढलं तर दुसरं आणायचं कुठून? या विचारानं मच्छिंद्रची झोप उडाली. चार महिने तो नुसता गुरं बघत हिंडला.

भाद्रपदातल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तो कोथरूडला गेला. लाकडी पूल ओलांडून एरंडवण्याच्या शेतांमधून निघालं की टेकडीच्या पायथ्याशी ते गाव लागे. मथुराबाईच्या झुली पोचवायच्या होत्या आणि बैलांची शिंगं रंगवून द्यायची होती. दहाबारा जोड्यांची शिंगं रंगवून तो सोनबाच्या गोठ्यापाशी आला, आणि तिथं त्यानं कवड्या पाहिला.

पांढरं अंग आणि मानेवर कवड्या उधळल्यासारखे राखी ठिपके, म्हणून नाव कवड्या. देखणा होता, पण देखणे बैल कोथरुडात आणखीही होते. बाकीचे बैल माणूस जवळ आला की त्याच्या हाताकडे बघतात, हातात वैरण आहे की काठी ते. कवड्या तोंडाकडे बघायचा. मच्छिंद्रच्या तोंडाकडे बघत बघत त्यानं मान लांब केली आणि त्याच्या खांद्यावरचं तेलानं माखलेलं फडकं चाटायला सुरुवात केली.

"चाटू द्या त्याला," सोनबाची बायको सोजरबाई गोठ्यातून म्हणाली. "त्याला फडक्याची सवंच हाय."

कवड्या जन्मला आणि त्याची आई गेली. सोजरबाईनं शेळीच्या दुधात फडकं भिजवून ते त्याच्या तोंडात दिलं. तीन महिने हे चाललं. "पोटच्या मैनीसाठी बी येवढी जागले न्हाई," ती म्हणाली. मैना आता सासरी होती. कवड्या घरीच होता, आणि दिसेल ते फडकं आईचं समजत होता.

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून मच्छिंद्रनं कसाबसा दम धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घोडी खांद्यावर टाकून सोनबाच्या दारात हजर.

तिथून पुढं दोन महिने कोथरूडची वाट त्याच्या पायाखाली रुळली. गोठ्यासमोर एक बाभळ होती. तिच्याखाली तो बसे. सकाळचा उजेड कवड्याच्या डाव्या अंगावर यायचा, वशिंडावरून घसरून मानेच्या ठिपक्यांवर थांबायचा. मच्छिंद्रला तेच हवं होतं. बैल जरा वळला की हा घोडी उचलून त्याच्या मागोमाग फिरे आणि पुन्हा डावं अंग समोर घेई. सोनबा कामाचा माणूस, जातायेता तो म्हणे, "चितारीबुवा, बैल काडताय का झुलीचं माप घेताय?" सोजरबाई शेण थापता थापता एकदा म्हणाली, "त्याला उजवं अंग बी हाय म्हटलं. त्ये बी बघा कवातरी."

"उजेड इकडून येतो, आक्का. मला हीच बाजू पुरे."

"ऱ्हायलं. तुमचा बैल, तुमचा उजेड."

दसरा गेला, दिवाळी गेली. घरी मथुराबाईनं बोलणंही कमी केलं, बोललीच तर एवढंच, "त्या बैलाला तुमची ओळख आहे ना, मग झालं. आळीत आता कुणाला उरली नाही." मच्छिंद्रला ऐकू आलं तर शपथ. त्याच्या हातून असं काही उतरत होतं की त्याचं त्यालाच खरं वाटेना. खांद्याचं हाड, कातडीची थरथर, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या चुण्या, पायाशी उडालेली माती. गळ्यातलं दावं तर त्यानं असं काढलं होतं की सोनबानं बोट लावून पाहिलं आणि बोटाला रंग लागल्यावर जीभ चावली. राहिला होता फक्त डोळा. तिथं बोटभर कोरी जागा होती.

"आंधळा दिसतुया," सोजरबाई म्हणाली. "आता काढा की."

"शेवटी, आक्का. मी उपास करायचा, तुम्ही नारळ फोडायचा, मग डोळा. आमच्यात तसंच असतं."

हे खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मच्छिंद्रला डोळ्याची धास्ती होती. रोज संध्याकाळी निघताना तो कवड्याच्या समोर उभा राही, कवड्या त्याच्या तोंडाकडे बघे, आणि याला वाटे, आज कळलं. उद्या आणखी नीट कळेल. चांगल्या गोष्टीला उशीर करण्यात काही माणसांना सुख असतं. त्यातलाच हा. अखेर सोजरबाईनंच दिवस ठरवला. येत्या गुरुवारी. नारळही आणून तिनं कोनाड्यात ठेवला.

बुधवारी सरकारी हुकूम आला. निजामावर स्वारी निघायची होती आणि गावाबाहेर गारपिराच्या माळावर फौज जमत होती. तोफा ओढायला गावोगावचे बैल हवे होते. कोथरूडच्या वाट्याला आठ आले. सोनबाच्या जोडीतला दुसरा बैल थकलेला, म्हणून त्याच्या दावणीतून एकटा कवड्या सोडला.

गुरुवारी मच्छिंद्र उपाशीपोटी, स्नान करून, घोडी खांद्यावर घेऊन आला तेव्हा गोठ्यात थकलेला बैल एकटा रवंथ करत होता. सोनबा म्हणाला, "काल दुपारीच नेला. स्वारी सपली की माघारी देत्यात म्हनं." सोजरबाई दावणीपाशी बसली होती.

"अहो, पण डोळा राहिलाय!" मच्छिंद्र म्हणाला.

सोजरबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता हो. दुसऱ्याच्या घरचं मढं पाहून हसणाऱ्यांतला तर मुळीच नव्हता. पण त्याच्या जिवाला जे लागलं होतं तेच त्याच्या तोंडातून आधी बाहेर पडलं. आपण काय बोललो ते त्याला पुलापाशी आल्यावर उमगलं, आणि तरीही घरी पोचेपर्यंत डोक्यात डोळाच होता.

मग घरात जे सुरू झालं त्याला मथुराबाई पुढं ग्रहण म्हणे. मच्छिंद्रनं एका फळकुटावर आठवणीनं कवड्याचा डोळा काढून पाहिला. आंब्याची फोड उमटली. पुसून पुन्हा काढला. पुन्हा आंब्याची फोड. दोन महिने समोर बसून पाहिलेला डोळा मनात लख्ख होता, पण हात आजोबांचा होता. त्याला एकच डोळा ठाऊक. फळकुटावर वीस डोळे झाले, वीसही नंदीचे. मच्छिंद्र उठून नदीवर गेला, परत आला, पुन्हा गेला. दुसऱ्यांच्या बैलांचे डोळे पाहिले. ते हाताकडे बघत होते. जेवणावरचं मन उडालं, कुणी हाक मारली तर दचकू लागला. घोडीवर ते चित्र आंधळं उभं होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलं तरी ते मागं आहे हे समजत होतं.

चौथ्या दिवशी मथुराबाईनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "डोळा काही बाजारात मिळत नाही. ज्याचा आहे त्याच्याकडे जा. गारपीर काही काशीला नाही."

मच्छिंद्र तसाच उठला. फडकं खांद्यावर, झोळी काखेत. ताट तसंच राहिलं.

गारपिराचं माळरान त्या दिवसांत ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. राहुट्या, गाडे, तोफांच्या दारूचे पेटारे, उंट, आणि धूळ तर अशी की माणसाला आपला हात दिसू नये. तोफांच्या बैलांवर सर्जेराव नावाचे अंमलदार होते. त्यांच्या दिवाणखान्यात मच्छिंद्रनं गजलक्ष्मी काढली होती, त्या ओळखीवर तो सरळ त्यांच्या राहुटीत शिरला.

"सरकार, कोथरूडहून आलेला एक बैल बघायचा आहे. चित्रात त्याचा डोळा राहिलाय."

सर्जेरावांनी पानाचा तोबरा सांभाळत त्याच्याकडे पाहिलं. हजार माणसं हजार मागण्या घेऊन येत होती, ही मागणी नवी होती. ते खूश झाले. "बघ की. चार हजार आहेत. आणि सापडला तर घेऊनच जा घरी, माझं नाव सांग. तुझ्या गजलक्ष्मीनं दिवाणखाना उजळलाय आमचा. एका बैलावाचून माझी तोफ अडत नाही."

"बैल नको, सरकार," मच्छिंद्र घाईनं म्हणाला. "मला नुसता डोळा हवा."

सर्जेराव पोट धरून हसले. मच्छिंद्रही हसला आणि बैलांकडे निघाला.

कवड्याला आपण हजारात ओळखू अशी त्याची खात्री होती. दोन महिने ज्याचा केस न् केस रंगवला तो बैल ओळखू येणार नाही तर काय? पण समोर दावणी लागल्या होत्या त्या नजर पोचेल तिथवर. सगळे बैल एका रंगाचे, धुळीच्या. सगळ्यांच्या शिंगांना छावणीच्या खुणेचा गेरू फासलेला. मच्छिंद्र एकेकाच्या मानेवर ठिपके शोधत चालला. एक दावण संपली, दुसरी संपली. ऊन चढलं. गाडीवान गाड्यांखाली आडवे झाले. सगळ्या दावणी संपवून तो पुन्हा पहिलीपाशी आला. बैल कुठल्या तरी तोफेबरोबर पुढं गेला असणार. संपलं.

तो परत फिरला तेव्हा मागून कुणीतरी खांद्यावरचं फडकं ओढलं.

"अरे, सरक!" मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं बैलाचं तोंड हातानं बाजूला सारलं. बैलानं पुन्हा मान लांब केली आणि पुन्हा फडकं चाटायला लागला. मच्छिंद्रनं वैतागून वर पाहिलं. बैल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

उजवं अंग होतं ते. आणि कवड्याच्या उजव्या अंगाला एकही ठिपका नव्हता. मच्छिंद्र त्या दिवशी दोनदा त्याच्यासमोरून गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. डोळे असून चितारी आंधळा ठरला आणि बैलानं नुसत्या जवसाच्या वासावर माणूस ओळखला.

"कवड्या!"

बैलानं दोन्ही कान पुढं आणले. सगळं अंग पुढं रेटलं, त्यानं दावं ताणलं गेलं आणि खुंटा हलला. दावं साधंच होतं, सोनबाच्या गोठ्यातलं, खुंट्याला एक फेरा आणि एक गाठ. मच्छिंद्रनं तेही पाहिलं. चिताऱ्याच्या नजरेतून काय सुटतं? पण तो पाहत होता डोळा. वरच्या पापणीची ती चुणी, खालच्या कडेचा ओलावा, आडव्या काळ्या बुबुळात उभा राहिलेला उजेड, आणि त्या उजेडात इवलासा पागोटेवाला, तो स्वतः. आणि या सगळ्याच्या आत आणखी काहीतरी, जे त्यानं कोथरूडला कधीच पाहिलं नव्हतं. ते काय हे विचारत बसायला त्याला सवड नव्हती. तो उकिडवा बसला आणि तहानलेला माणूस पाणी पितो तसा पाहत राहिला. किती वेळ कोण जाणे.

मग तो एकदम उठला. हे विसरायच्या आत घरी पोचलं पाहिजे! त्यानं फडकं बैलाच्या तोंडातून ओढून घेतलं आणि पळत सुटला. मागून कवड्या हंबरला. मच्छिंद्रनं वळून पाहिलं नाही. वळलो तर दुसरं काहीतरी दिसेल आणि पहिलं पुसून जाईल, ही त्याला भीती. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर हातानंच गप्प करत, डोळे अर्धे मिटून, पुण्याच्या रस्त्यातून तो असा गेला की लोकांना वाटलं घरात काही बरंवाईट झालं.

आणि डोळा आला. आजोबांचा हात त्या दिवशी कुठं गेला होता कुणास ठाऊक. तीन दिवस उपाशी राहून मच्छिंद्र त्या बोटभर जागेत काम करत होता. नारळ मथुराबाईनंच फोडला, कारण सोजरबाईला निरोप जाईपर्यंत थांबायला नवरा तयार नव्हता. चित्र पुरं झालं तेव्हा ती पाहायला आली. पाहिलं, आणि डोक्यावरून पदर पुढं ओढून घेतला, घरात कुणी परका आल्यावर घेतात तसा. टोमणा म्हणून एक शब्द निघाला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली होती; हे पहिल्यांदाच घडत होतं.

चौथ्या दिवशी फौज हलली. तोफांची घरघर कसब्यापर्यंत ऐकू आली. मच्छिंद्र तेव्हा गाढ झोपला होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

आणखी आठ दिवसांनी सोजरबाई आली. चित्राला डोळा आल्याचं कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं. कोथरूडहून चालत आली, कोनाड्यातला नारळ पदरात बांधून. मच्छिंद्रनं मोठ्या उत्साहानं तिला आत नेलं, चित्र उजेडाकडे वळवलं आणि बाजूला झाला.

सोजरबाई चित्रासमोर खाली बसली. आधी तिचं तोंड असं फुललं की मच्छिंद्रला आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं. तिनं मानेच्या ठिपक्यांवरून हवेतच हात फिरवला, हलक्या आवाजात काहीतरी बोलली, जे माणसाशी बोलतात तसं नव्हतं. मग ती डोळ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. हळूहळू तिचा हात खाली आला.

"ह्यो कुनाकडं बघतुया?"

"माझ्याकडे, आक्का." आणि मच्छिंद्रनं सांगायला सुरुवात केली. गारपीर, धूळ, चार हजार बैल, उजवं अंग. "तुम्ही सांगत होता, तरी मी पाहिलं नव्हतं!" सर्जेराव काय म्हणाले तेही त्यानं भरात सांगून टाकलं, आपण काय उत्तर दिलं तेही. गोष्ट रंगात आली होती आणि हसू येण्यासारखी जागा होती ती. सोजरबाई हसली नाही.

"साखळदंड व्हता का त्याला?"

"नाही. दावंच. तुमच्याच गोठ्यातलं."

"गाठ?"

"साधीच." मच्छिंद्रचा आवाज खाली आला. "एक फेरा, एक गाठ."

"आन् त्यो सरदार म्हनला, घिऊन जा."

मच्छिंद्र घोडीचा पाय उगाच सरळ करायला लागला.

"तुमाला ठावं हाय का, ह्यो काय म्हंतुया?" सोजरबाईनं चित्राकडे बोट केलं. तिचा आवाज चढला नव्हता. "लहान व्हता तवापास्नं मला ठावं हाय ही नजर. रानात चुकला आन् म्या हुडकत गेले, की असाच बघायचा. आलीस व्हय, म्हंतुया. चल घरला, म्हंतुया."

मच्छिंद्रनं चित्राकडे पाहिलं. त्याच्या हातचा डोळा, त्यातली चुणी न् चुणी त्यानं ठेवली होती, ओलावा ठेवला होता, आतलं जे कळत नव्हतं तेही जसंच्या तसं ठेवलं होतं. सगळं लिहून काढलं होतं आणि वाचलं नव्हतं. आता वाचता आलं. त्या इवल्याशा पागोटेवाल्याकडे बघवेना.

"मी घाईत होतो, आक्का," तो म्हणाला. "विसरेन म्हणून पळालो. खरंच सांगतो, मनातच आलं नाही."

"व्हय. त्ये दिसतंच हाय."

"तोफा कुठवर गेल्या असतील?" मच्छिंद्र एकदम वळून आत ओरडला. "अगं! तोफा कुठवर गेल्या?"

"आठ दिवस झाले," मथुराबाई दारात येऊन म्हणाली. "भीमेपलीकडे असतील." तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी वरातीमागून घोडं म्हणायला ती चुकली नसती, पण आज म्हणाली नाही.

मच्छिंद्र घरभर दोन येरझाऱ्या घालून आला. पागोटं उचललं, पुन्हा ठेवलं. मग त्यानं रंग खरवडायची पातळ सुरी घेतली आणि चित्रासमोर बसला. सुरीचं टोक त्यानं कवड्याच्या गळ्यातल्या दाव्यावर टेकवलं.

"अहो, काय करताय!" मथुराबाई पुढं धावली. "डोळे उघडलेत त्याचे. आता हात लावायचा नाही."

त्यानं ऐकलं नाही. तीन पिढ्यांत कुणी मोडली नव्हती ती रीत मोडून तो दावं खरवडत होता, घाईघाईनं, पीळ न् पीळ. खाली कोरं कापड दिसायला लागलं. रंगाचे कपचे त्याच्या मांडीवर पडत होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्याला पुसता येत नव्हतं, कारण एका हातात सुरी होती आणि दुसऱ्यानं कापड मागून धरलं होतं. चित्रातला कवड्या त्याच्या तोंडाकडे बघत होता.

सोजरबाई उठली. कोथरूडला उन्हं आहेत तोवर पोचायचं होतं. पदरातला नारळ सोडून तिनं घोडीच्या पायाशी ठेवला आणि जरा वेळ उभी राहून त्याची सुरी चाललेली बघितली.

"आता सोडताय व्हय?" ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.